चिंचोके, कांदे आणि दहा संगणक

(पिंपळनेर येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या अंकात आपण आवाहन केलं होतं की वसतिगृहातल्या मुलांसाठी दहा संगणक घ्यायचे आहेत. आपण सगळ्यांनी हात सैल सोडून दिलं. कुणी बोनसमधून दिलं. एका आजींनी कोंबड्या विकून आलेले पैसे पाकिटात घालून पाठवले, ते पाकीट अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. आज मी इथं उभी आहे ती आभार मानायला, आणि त्याचबरोबर एक अवघड गोष्ट विचारायला. ती शेवटी विचारते. आधी तुम्ही माझं ऐकून घ्या, म्हणजे माझ्यावर रागावायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल.

मी थिऑलॉजीचा डिप्लोमा केलेली बाई. संगणकाचं माझं शिक्षण म्हणजे एमएस-सीआयटी. २००१ साली हा कोर्स सुरू झाला आणि नोकरीच्या अर्जाला लागतो म्हणून आमच्या पिढीतल्या सगळ्यांनीच केला. मीही केला. कुठल्या मेनूत काय आहे, अक्षर जाड कसं करायचं, तक्त्यात बेरीज कशी आणायची, हे पाठ केलं. पास झाले. सर्टिफिकेट फ्रेम करून घरात लावलं. दोन-तीन वर्षांनी नवीन प्रकारचा वर्ड आला, सगळे मेनू जागचे हलले, आणि मला काहीच येईना. त्या कोर्सला मी नावं ठेवत नाही. त्याने खेड्यापाड्यातल्या लाखो लोकांची संगणकाची भीती घालवली, हे छोटं काम नाही. पण मी जे शिकले होते ते एका ठरावीक दुकानातल्या फडताळांच्या जागा होत्या. दुकान बदललं की ज्ञान संपलं.

आणि मग मी हेच आमच्या मुलांना शिकवलं. हे कबूल करायलाच हवं.

काही वर्षांपूर्वी आपल्याकडे पाच जुने संगणक देणगीत आले. मी त्यांना खोली दिली, पडदे लावले, प्लास्टिकची आच्छादनं शिवून घेतली आणि दाराला कुलूप लावलं. किल्ली माझ्या पदराला. मुलं चपला काढून, हात धुऊन, रांगेनं आत यायची. एका संगणकापुढे पाच जण. एक माऊस हलवायचा, चार बघायचे. पेंटमध्ये घर काढायचं, झाड काढायचं, सूर्य काढायचा. परीक्षेला प्रश्न असायचे: संगणकाचे जनक कोण? चार्ल्स बॅबेज. संगणकाचा मेंदू कोणता? सीपीयू. मुलं बरोबर लिहायची, मीही गुण द्यायची. पुढे एक एक यंत्र बंद पडत गेलं, दुरुस्तीला साक्रीला न्यायचं तर गाडीभाड्याचाच प्रश्न. शेवटी खोलीत धान्याची पोती ठेवायला लागलो. ब्राह्मणवेलच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या इथून दिसतात, तालुक्यात सौरऊर्जेचा एवढा मोठा प्रकल्प आहे, आणि आमच्या खोलीत मात्र संगणकाच्या तासाला नेमकी लाइट जायची. हे मी हसून सांगते, पण तेव्हा हसू यायचं नाही.

माझे डोळे उघडले ते गेल्या पावसाळ्यात.

आपल्या वसतिगृहातली एक सातवीतली मुलगी सुट्टीत पाड्यावर गेली होती. तिच्या आजीला श्रावणबाळ योजनेचे पैसे येतात. बँक लांब, म्हणून आजी अंगठ्यावर पैसे देणाऱ्या एका केंद्रात जाते. आधार नंबर सांगायचा, यंत्रावर अंगठा ठेवायचा, पैसे घ्यायचे. त्या दिवशी नात सोबत होती. अंगठा ठेवला. तो माणूस म्हणाला, ‘लागला नाही, परत ठेव.’ परत ठेवला. मग त्यानं पैसे मोजून दिले. आजी निघाली. नात निघाली नाही. ती म्हणाली, ‘दादा, दोन्ही वेळच्या पावत्या द्या.’ तो म्हणाला, पहिल्या वेळी काही झालंच नाही तर पावती कसली? ती म्हणाली, ‘झालं नाही त्याचीही पावती येते. नाहीतर खात्याचं मिनी स्टेटमेंट काढा.’ बाहेर रांग होती, लोक ऐकत होते. स्टेटमेंट निघालं. त्यात दोनदा रक्कम गेलेली होती. सर्व्हरची चूक झाली असेल, असं म्हणत त्यानं दुसरी रक्कम हातात ठेवली. त्याआधीच्या महिन्यांत काय झालं असेल ते देवाला ठाऊक. आजी घरी येईपर्यंत एकच विचारत होती, ‘बेटा, तुले कसं समजनं?’

मीही तिला हेच विचारलं. तुला कसं कळलं? मला वाटलं होतं, ती म्हणेल संगणकाच्या तासाला शिकले. तसं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, ‘ताई, आपण भाकरीचा खेळ खेळलो होतो ना.’

भाकरीचा खेळ मी एकदा, लाइट गेली म्हणून, वेळ काढायला घेतला होता. मी यंत्र व्हायचं आणि मुलांनी मला नागलीची भाकरी करायला शिकवायचं. अट एकच: मी सांगितलं तेवढंच करणार, मनानं काही करणार नाही, आणि केलेलं प्रत्येक काम फळ्यावर लिहिणार. पहिला मुलगा म्हणाला, ‘पीठ घ्या.’ मी डबाच उचलला. ‘तव्यावर टाका.’ मी कोरडं पीठ तव्यावर टाकलं. मुलं लोळून हसली. मग हळूहळू सांगणं नेमकं होत गेलं. किती पीठ, पाणी कधी, किती वेळ मळायचं, भाकरी भाजली हे यंत्रानं कशावरून ओळखायचं. ‘कड सुटली तर उलटा, नाही सुटली तर थांबा, आणि पुन्हा बघा.’ हे वाक्य एका चौथीतल्या पोरीचं. पुढे मला कळलं की संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये याहून वेगळं फारसं काही नसतं. क्रमानं आज्ञा, एखादी अट, आणि अट पुरी होईपर्यंत तेच पुन्हा.

त्या खेळातून त्या मुलीनं दोन गोष्टी उचलल्या होत्या. यंत्राला सांगितल्याशिवाय ते काही करत नाही, आणि जे करतं ते कुठंतरी लिहिलेलं असतं. केंद्रातल्या माणसानं यंत्राला दोनदा सांगितलं होतं. पाच वर्षं पेंटमध्ये सूर्य काढून जे मुलांच्या हाती लागलं नाही, ते लाइट गेलेल्या एका तासात लागलं.

तेव्हापासून मी शोधायला लागले. मला वाटलं होतं हे माझंच खुळ. तसं नाही. न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासूनच संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवायचे खेळ तयार केले आहेत. आपल्या देशातही एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१६ साली ‘सीएस पाठशाला’ नावाचा उपक्रम सुरू केला, त्यात शाळेसाठी असेच धडे आहेत. मी त्यातून कल्पना घेतल्या आणि आपल्याकडच्या वस्तू वापरल्या. काय काय केलं ते थोडं सविस्तर सांगते, कारण पैसे तुमचे आहेत.

पिंपळनेरला कांद्याची प्रतवारी काय असते हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. गोल्टी वेगळी, गोल्टा वेगळा, मोठा माल वेगळा. आमची निम्मी मुलं सुट्टीत तेच काम करतात. मी आठ कांदे ठेवले आणि एक साधा तराजू, वजनं नाहीत. एका वेळी दोनच कांदे तोलायचे. हलक्यापासून जडपर्यंत ओळीत लावा, आणि तराजू किती वेळा उचलला ते मोजा. पहिल्या गटानं सगळ्यांत हलका शोधला, मग उरलेल्यांतला हलका, मग उरलेल्यांतला. सात, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. एकूण २८ वेळा. दुसऱ्या गटात एक मुलगा होता, वर्गात कधी तोंड न उघडणारा. ऊसतोडीला आई-वडिलांसोबत बारडोलीकडे जाऊन दरवर्षी उशिरा येणारा. त्यानं दोन-दोनच्या चार जोड्या लावल्या. मग दोन जोड्या मिसळून चारची ओळ केली, दुसऱ्या दोन मिसळून दुसरी ओळ, आणि मग दोन ओळींच्या फक्त पुढच्या कांद्यांची तुलना करत एकच ओळ केली. त्याचं १६ वेळा झालं. कितीही वाईट नशीब असलं तरी या रीतीनं १७ च्या वर जात नाही. मी विचारलं, तुला कसं सुचलं? तो म्हणाला, पाण्याच्या टाकीवर दोन रांगा एकत्र करतात तेव्हा असंच करतात.

मग मी विचारलं, हजार कांदे असते तर? पहिल्या रीतीनं ४,९९,५०० वेळा तराजू उचलावा लागेल. त्या मुलाच्या रीतीनं नऊ हजारांहूनही कमी. मुलांनी फळ्यावर हिशेब केला तेव्हा वर्ग शांत झाला. संगणक जलद असतो म्हणून सगळं जमतं असं त्यांना वाटत होतं. रीत चांगली नसेल तर जलद यंत्रही दमतं, हे त्यांना कांद्यांनी शिकवलं. या रीतीला इंग्रजीत नाव आहे, ती अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतात. आमच्या मुलाला मी ते नाव नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तो पुन्हा गप्प बसला असता.

दुसरा खेळ अंगणातला. पाच मुलं रांगेत. डावीकडून पहिल्याची किंमत १६, मग ८, ४, २ आणि १. उभा राहिला तर त्याची किंमत धरायची, बसला तर नाही. आता नाताळची तारीख दाखवा. सोळा उभा, आठ उभा, चार बसला, दोन बसला, एक उभा. पंचवीस. पाच मुलांत शून्यापासून एकतीसपर्यंत कुठलाही आकडा दाखवता येतो. यंत्राच्या पोटात सगळं याच रीतीनं ठेवलेलं असतं, तुमचा फोटो आणि उपासनेतल्या गीतांचं रेकॉर्डिंगसुद्धा. आमच्या मराठीच्या सरांनी हे लांबून पाहिलं आणि म्हणाले, अहो हे तर ‘यमाताराजभानसलगा’! खरंच की. वृत्तं शिकताना लघु आणि गुरु अशी दोनच चिन्हं, तीन-तीन अक्षरांचे गण, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठच गण होतात. उभा म्हणजे गुरु, बसलेला म्हणजे लघु. त्या दिवशी मराठीचा आणि संगणकाचा तास एकत्र झाला. सर आता दर आठवड्याला येतात. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात.

तिसरा खेळ चिंचोक्यांचा. चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू तपकिरी, एक पांढरी. आपल्या आज्या यावर पट खेळायच्या. त्याविषयी शेवटी बोलते. पण त्याचा संबंध तुमच्या सगळ्यांच्या खिशातल्या कार्डाशी आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी दिलं गेलं. पंतप्रधान स्वतः आले होते. त्या बारा आकड्यांपैकी शेवटचा आकडा हा पहिल्या अकरा आकड्यांवरून हिशेबानं काढलेला असतो. व्हर्होफ नावाच्या डच गणितज्ञानं १९६९ मध्ये ही रीत सांगितली. नंबर लिहिताना एक आकडा चुकला, किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर हिशेब जुळत नाही आणि यंत्राला लगेच कळतं. रेशन असो, रोजगार हमीची मजुरी असो, शिष्यवृत्ती असो, आमच्या लोकांचं अर्धं आयुष्य या बारा आकड्यांवर चालतं. ‘ऑनलाइन दिसत नाही’ असं कुणी म्हटलं की आमचा माणूस हात जोडून परत येतो. नंबर चुकीचा टाकला, की नंबर बरोबर आहे आणि नोंदच नाही, की नोंद आहे आणि समोरचा खोटं बोलतोय, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या ओळखणारं एक मूल घरात असलं तर खूप फरक पडतो.

आता भाषेचं. आमच्या मुलांची घरची भाषा कोकणी, मावची, भिलोरी, नाहीतर अहिराणी. शाळेची मराठी ही त्यांची दुसरी भाषा, आणि संगणक शिकताना एकदम इंग्रजी. मूल संगणकाला घाबरत नाही, इंग्रजीला घाबरतं, आणि आपल्याला वाटतं त्याला संगणक जमत नाही. म्हणून आम्ही पहिल्यापासून मराठी टंकन शिकवतो, तेही इनस्क्रिप्ट कळफलकावर. सरकारनं ठरवलेला हा कळफलक मोठा शहाणपणाचा आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ज्याला बाराखडी येते त्याला अर्धं आलंच. आणि त्यातून मुलं भलतंच काही शोधतात. एका मुलीनं ‘कि’ लिहिलं आणि मागे खोडलं, तर आधी वेलांटी गेली आणि ‘क’ राहिला. ती म्हणाली, ‘ताई, वेलांटी तर आधी दिसते, मग ती आधी का गेली?’ कारण यंत्रात ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर साठवलेली असते, आपण बोलतो त्या क्रमानं. दाखवताना ती उचलून पुढे काढली जाते. युनिकोडमध्ये ‘क’ चा क्रमांक २३२५, ‘ख’ चा २३२६, ‘ग’ चा २३२७. वेलांटीलाही स्वतःचा क्रमांक आहे, २३६७. आपल्या वर्णमालेला जगभरच्या यंत्रांत असं पक्कं घर आहे हे पाहून मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते.

हे बोलताना मला मिशनच्याच जुन्या इतिहासातली दोन माणसं आठवतात. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये दहा वर्षांचा एक गरीब मुलगा छपाईचे टाइप घासायच्या कामाला लागला. त्याला तिथं नुसतं घासायलाच ठेवलं असतं तर आज त्याचं नाव कुणी घेतलं नसतं. तो बघत गेला, शिकत गेला. १८६४ मध्ये त्यानं स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये छापखाना. ते जावजी दादाजी, आणि त्यांचा निर्णयसागर. देवनागरीचे इतके सुबक टाइप देशात दुसरीकडे मिळत नसत. आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी विधवा आणि अनाथ मुलींच्या हाती छापखाना दिला. हिब्रू आणि ग्रीकमधून त्यांनी केलेलं बायबलचं भाषांतर तिथल्याच मुलींनी जुळवलं आणि छापलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. रमाबाईंना त्या मुलींना नुसतं वाचायला शिकवून थांबता आलं असतं. त्या काळात तेवढंही पुष्कळ मानलं गेलं असतं. त्यांनी मुलींना खिळे जुळवायला बसवलं.

आज मोबाइल प्रत्येक पाड्यावर आहे. आमच्या मुलांना तो वापरायला शिकवावं लागत नाही, तीच आपल्याला शिकवतात. पण ती सगळी वाचणारी आहेत, जुळवणारी अजून कुणी नाही.

जगात यावर बरंच काही करून झालं आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरात या धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत २००७ साली प्रत्येक मुलाला एकेक हिरवा-पांढरा लॅपटॉप दिला गेला. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा तो भारतातला पहिला प्रयोग. लहान शाळा, सोबत मन लावून काम करणारे गुरुजी, त्यामुळे तिथं मुलं रमली. त्याच योजनेत पेरू देशानं मात्र लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पंधरा महिन्यांनंतर गणितात आणि भाषेत काहीच फरक दिसला नाही. यंत्रं पोहोचली होती, शिकवणारं कुणी तयार केलं नव्हतं. इंग्लंडमध्येही मुलं वर्षानुवर्षं आमच्यासारखंच टायपिंग आणि तक्ते शिकत होती. शेवटी सप्टेंबर २०१४ पासून त्यांनी तो विषयच बदलला आणि पाचव्या वर्षापासून मुलांना आज्ञावली रचायला शिकवायचं ठरवलं. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावीपासून कोडिंग आहे. धोरण चांगलं आहे. पाड्यावरच्या शाळेत ते कोण शिकवणार, हे विचारायला मी सरकारकडे जाणार नाही. आपलं वसतिगृह आपल्या हातात आहे.

मंडळीतल्या एका वडीलजनांनी मला मागच्या रविवारी उपासनेनंतर थांबवून विचारलं, ‘बाई, कांद्यांनी नोकरी मिळणार आहे का? पोरांना टायपिंग शिकवा, कुठंतरी ऑपरेटर म्हणून लागतील.’ त्यांचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि मी तो टाळणार नाही. टायपिंग आम्ही शिकवतोच, आत्ताच सांगितलं. दहावीच्या मुलांना अर्ज भरणं, फॉर्मला कागद जोडणं, पासवर्ड सांभाळणं, ओटीपी कुणाला न सांगणं, हेही शिकवतो. पण नुसतं टायपिंग शिकलेल्याचं काम उद्या यंत्रच करणार आहे, ते आत्ताच करायला लागलं आहे. मोबाइलला बोलून सांगितलं की तो मराठीत लिहून देतो. वडीलजन म्हणाले, ‘मग कोडिंग तरी कशाला, तेही यंत्रच करेल.’ या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला. माझं उत्तर असं आहे की यंत्रानं लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे बघायला तरी कुणीतरी लागेल, आणि तो नेहमी शहरातलाच का असावा? पण हे शेवटचं उत्तर आहे असं मी म्हणत नाही. त्यांना पटलं का, तेही मला माहीत नाही. ते पुढच्या ओळीत बसले आहेत, त्यांनाच विचारा.

दुसऱ्या एका भगिनीचं म्हणणं होतं की मोबाइलनं पोरं बिघडली, त्यात आणखी हे कशाला. खरं आहे. आमच्या नववीतल्या एका मुलानं वडिलांच्या फोनवर खेळासाठी पैसे घालवले, ऊसतोडीची उचल होती ती. त्याला मी ओरडले, आणि मग आम्ही वर्गात तो खेळ उघडून पाहिला. कुठल्या पायरीवर तो मुद्दाम हरवतो, कुठं फुकट बक्षीस देतो, कुठं पैसे मागतो. मुलांनी त्याची आकृती फळ्यावर काढली. तो मुलगा स्वतः पुढे येऊन म्हणाला, ‘मी इथं अडकलो.’ बंदी घालून मला हे जमलं नसतं. तरीही रात्री नऊनंतर वसतिगृहात फोन बंदच असतो, याची पालकांनी खात्री बाळगावी.

तर आता माझी विनंती.

तुम्ही दहा संगणकांसाठी पैसे दिलेत. मला तीनच हवेत. तीन, आणि एक इन्व्हर्टर चांगल्या बॅटरीसह, म्हणजे लाइट गेली तरी तास बुडणार नाही. उरलेल्या पैशांतून मला दोन वर्षांसाठी एक शिक्षिका हवी आहे. ती आपल्याच वसतिगृहात वाढली, पिंपळनेरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली, आणि सध्या सुरतेला एका दुकानात हिशेब लिहिते. तिला घरची भाषा येते. पोरं चुकली की कुठं चुकली ते तिला लगेच दिसतं, कारण ती स्वतः तिथंच चुकायची. तिला सुरतेइतकं मानधन देता येणार नाही, पण परत यायला ती तयार आहे, हे मी तिला विचारून मगच तुमच्यापुढे बोलते आहे. थोडी रक्कम दुरुस्तीला बाजूला ठेवू. आणि खोलीला कुलूप लावणार नाही. मुलं यंत्र उघडून बघतील, एखादं बिघडेलही. ते तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे नंतर बोल लावू नका.

मला माहीत आहे की संगणक दिला तर त्यावर नाव लिहिता येतं, फोटो काढता येतो. पगाराचा फोटो निघत नाही. म्हणून हा निर्णय मी एकटी घेणार नाही. ज्यांनी संगणकासाठी म्हणून दिलं, त्यांची परवानगी नसेल तर त्यांचे पैसे संगणकालाच जातील, त्यात एक रुपयाचाही फरक होणार नाही. दाराशी खजिनदार यादी घेऊन बसले आहेत. नावापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहायचं आहे. जे आज आले नाहीत त्यांना पत्र जाईल. कोंबड्या विकणाऱ्या आजींकडे मी स्वतः जाणार आहे.

चहा तयार होतो आहे. तोपर्यंत ती सातवीतली मुलगी तुम्हाला चिंचोक्यांचा खेळ दाखवेल. टेबलावर पाच ओळींत पाच-पाच चिंचोके आहेत, तुम्ही कुणीही येऊन हवे तसे पांढरे-तपकिरी मांडा. ती त्याला आणखी एक ओळ आणि एक रांग स्वतः जोडेल, प्रत्येक ओळीत आणि रांगेत पांढऱ्यांची संख्या सम होईल अशी. म्हणजे छत्तीस झाले. मग ती तोंड फिरवेल आणि तुम्ही कुठलाही एक चिंचोका उलटा करायचा. कुठला, ते ती सांगेल. पाळकसाहेब, पहिले तुम्ही या. आणि पुढच्या ओळीतले वडीलजन, तुम्ही जवळून लक्ष ठेवा, ती बघत तर नाही ना.